वाचून दाखवला, बरोबर आहे

प्रति,

कचेरीच्या व्हरांड्यात नऊ टेबलं होती आणि नऊ टेबलांमागे नऊ अर्ज लिहिणारे. चौथ्या टेबलामागच्या माणसाला सगळे कानामात्रा म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण नाव असं चिकटलं होतं की टपालवालासुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. तक्रार नळाची असो की नवऱ्याची, कानामात्रेच्या अर्जात ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडत नसे. त्याच्या टाइपरायटरचा ‘ळ’ अर्धाच उमटायचा, तर हा बाबा कागद बाहेर काढून एकेक ‘ळ’ शाईच्या पेनाने पुरा करत बसायचा. खिडकीतला कारकून एकदा म्हणाला होता, तुमचा अर्ज आला की मला जांभई येते, चूक काढायला काही सापडतच नाही.

त्या शुक्रवारी व्हरांड्यात गर्दी होती, पण निम्मी गर्दी अर्ज लिहिणाऱ्यांचीच. व्हरांडा पाडायचा ठरला होता. त्याच्या जागी पत्र्याची बंद खोली होणार, पंखा येणार, आणि नोंदवहीत ज्याचं नाव त्याला कायमचा परवाना मिळणार. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने शुक्रवारी पाचच्या आत घ्यावी, अशी नोटीस महिनाभर भिंतीवर वाळत होती. कानामात्रा ती रोज येताजाता वाचायचा. वाचायचं काही राहिलं नव्हतं. ‘हरकत’ शब्दाशी आला की डोळे थांबायचे, एवढंच.

पाच वाजले की सुटलो, असं तो मनाशी म्हणत होता. वय अठ्ठावन्न. हाताला दुसरं काम येत नव्हतं. घरी थोरली बहीण होती आणि तिचे गुडघे होते, आणि दोघांनाही त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

तीनच्या सुमाराला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर वहिनी येऊन बसली.


विषय:

नऊ वर्षांत तो तिला भेटला नव्हता. तो अर्धवट उठला, बसा वहिनी म्हणाला, पण ती आधीच बसली होती.

“तुम्ही बसा, भाऊजी. जागा तुमची.”

टोमणा होता की नव्हता, हे त्याला ओळखता आलं नाही. तिच्या आवाजात टोमण्यापुरताही जोर नव्हता. बस बदलून, जिने चढून, चार ठिकाणी चौकशी करून आलेल्या माणसाचा आवाज होता तो. पिशवी तिने मांडीवर घेतली आणि चष्मा पुसत बसली.

वहिनी म्हणजे वकिलाची बायको. आणि वकील म्हणजे वकील नव्हे. अकरा वर्षांपूर्वी याच चौथ्या टेबलामागे बसणारा माणूस. व्हरांड्यात वारा फार म्हणून तो काळा कोट घालायचा. त्या कोटामुळे लोक साहेब, वकीलसाहेब करत यायचे. मी वकील नाही, हे तो प्रत्येकाला सांगायचा, पण अर्ज लिहून झाल्यावर. कानामात्रा ज्या छापखान्यात मुद्रितं तपासायचा तो बंद पडला, तेव्हा वकिलानेच त्याला या टेबलाची डावी कड दिली. आधी नकला करायला, मग छोटे अर्ज लिहायला. मुदती त्यानेच पाठ करून घेतल्या. कशाला किती दिवस, कशाला किती वर्षं, कशाला मुदतच नाही. चालता चालता विचारायचा आणि चुकलं की डोक्यात टपली मारायचा. दोघेही तेव्हा चाळिशी ओलांडलेले, हे लक्षात घ्यावं.

वहिनीने सांगितलं ते एवढंच. पोरगी टायपिंग शिकली आहे. बापानेच शिकवलं, त्याच्या डाव्या हाताने, त्यामुळे तिचाही डावा हातच जास्त चालतो. ही जागा मूळ बापाच्या नावाची. नोंदवहीत ती चुकून कानामात्रेच्या नावावर गेली. ती परत व्हावी असा अर्ज द्यायचा आहे. एक नंबरच्या टेबलाने लिहून द्यायला नकार दिला. पाच नंबरचा अर्जांबरोबर रबरी शिक्केही बनवून द्यायचा, तो शिक्केवाला म्हणाला, बाई, मला उद्या त्याच्याच शेजारी बसायचंय.

“मग हेच म्हणाले, त्याच्याचकडून लिहून घे. कानामात्रेची चूक होत नाही.”

“असं म्हणाले?”

“शब्दाला शब्द. आणि वर म्हणाले, भांडायचं नाही. चूक झाली, दुरुस्त व्हावी, एवढंच लिहायचं.”

कानामात्रेने टाइपरायटरमध्ये कागद घातला, मध्ये कार्बन, खाली दुसरा कागद. हात सवयीने चालले. स्वतःच्याच विरुद्ध अर्ज आहे हे हातांना कुठे ठाऊक.


महोदय,

अर्जदाराच्या पतीच्या नावे असलेली जागा क्रमांक चार नजरचुकीने गैरअर्जदाराच्या नावे झाली आहे. तरी सदर चूक दुरुस्त व्हावी, ही विनंती.

दोन वाक्यं. त्यात एकही ‘ळ’ आला नाही. कुठे पेन लावायला नको, कुठे काही नको.

आणि तो थांबला.

नजरचुकीला मुदत तीन वर्षं. त्यानंतर नजरचूक ही चूक राहत नाही, ती नोंद होते. हा अर्ज खिडकीतून आत गेला की कारकून तारीख बघणार, मुदतबाह्य असा शिक्का मारणार आणि जांभई देणार. जागा कानामात्रेची. परवाना कानामात्रेचा. आणि त्याने काय केलं? गिऱ्हाइकाने सांगितलं ते लिहिलं, अक्षर न अक्षर. धंद्याच्या नियमात काडीइतकी खोट नाही. वहिनी आभार मानून जाईल, वर पिशवीतून काहीतरी खायला काढून टेबलावर ठेवील.

तीन वर्षं. हे त्याला कोणी शिकवलं होतं?

त्याच्या डोक्यात पुन्हा एक टपली बसली. वकिलाला मुदत माहीत नाही, हे होणंच शक्य नव्हतं. अर्धं अंग गेलं होतं त्याचं, मुदती नव्हत्या गेल्या. त्याने बायकोला नेमका तो शब्द देऊन पाठवलं होतं ज्या शब्दाने अर्ज मरतो. आणि नेमकं त्या माणसाकडे, ज्याला ते कळेल.

शिक्केवाला शेजारी खटाखट शिक्के मारून बघत होता. वहिनी चष्मा लावून कागदाकडे बघत होती. “झालं?” तिने विचारलं. तिला घरी जायचं होतं. सकाळपासून ती लोकांच्या स्टुलांवर बसून दमली होती.

“थांबा जरा,” कानामात्रा म्हणाला. “शब्द बघतो.”


विषय (पुन्हा):

जागा घेतल्याबाबत.

घेतली म्हणजे काय, मागून घेतली, विकत घेतली, उसनी घेतली, काहीही. खोडलं.

जागा ढापल्याबाबत. ढापतात ते पेन, छत्री, वर्गातलं खोडरबर. जागा लाटल्याबाबत. लाटतात ते श्रेय. जागा हडपल्याबाबत. हडपण्याला जमीन लागते, कुंपण लागतं, दोनचार धटिंगण लागतात. हे टेबल अडीच फुटांचं होतं आणि त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा घातलेला होता.

मग एक शब्द राहिला. तो त्याला पहिल्यापासून माहीत होता. बाकीचे शब्द तो, दाराशी उभं राहून बेल दाबायच्या आधी माणूस चपला काढून पुन्हा नीट लावतो, तसे लावत होता.

“वहिनी, हा अर्ज आत गेला की परत येईल.”

“का? काही चुकलं का?”

“चूक म्हटलंय, म्हणूनच. चुकीला तीन वर्षांची मुदत आहे. अकरा झाली.”

 वहिनी म्हणाली, “यांना तर झोपेतसुद्धा मुदती म्हणायची सवय. मला एवढे जिने चढायला लावले ते कशाला मग?”

“दुसरा शब्द घालायला लागेल. त्याला मुदत नाही.”

“कोणता?”

“बळकावली.”

तिने त्याच्याकडे बघितलं. शिक्केवाल्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला, पण हळू.

“एवढा मोठा शब्द कशाला, भाऊजी,” ती म्हणाली. आवाजात चक्क समजूत होती, पोराने उगाच जड पेटी उचलायला घेतल्यावर असते तशी. “बळ कुठे लावलंत तुम्ही? हाताला धरून उठवलंत थोडंच कोणाला? हे आजारी पडले, तुम्ही बसलात. त्यात बळ कुठे आलं?”

“बळ लावायला लागतंच असं नाही. समोरच्याच्या अंगात बळ नसलं तरी भागतं.”


सोबत:

टेबलाखाली पत्र्याची पेटी होती. लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची कार्बन नक्कल तो तिच्यात ठेवायचा, वर्षावर्षाचा गठ्ठा, वर सुतळी. हीदेखील वकिलाचीच शिकवण. अकरा वर्षांपूर्वीचा गठ्ठा तळाशी होता. सुतळी सोडायला वेळ लागला नाही. ती त्याने मध्येही अनेकदा सोडली होती.

नक्कल फिकट निळी. विषय: जागा क्रमांक चार बदली करणेबाबत.

“हे घ्या,” तो म्हणाला. “वकिलांनी दवाखान्यात मला काय सांगितलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे का?”

तिला ठाऊक नव्हतं. त्या वेळी ती औषधांच्या रांगेत असायची.

तर त्याने सांगितलं. संध्याकाळी भेटीच्या वेळेत तो गेला होता. वकिलाचा उजवा हात चादरीवर दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा पडला होता. बोलणं जड. त्याने मोठ्या कष्टाने दोन शब्द उच्चारले होते, बदली बस. म्हणजे मी येईपर्यंत माझ्या जागी बस. गिरणीत बदली कामगार असतो तसा. जागा रिकामी राहिली तर कचेरी दुसऱ्याला देईल, म्हणून तसा अर्ज कर.

कानामात्रा व्हरांड्यात परतला आणि त्याने टाइप केलं, तात्पुरती बदली. मग त्याच्या लक्षात आलं, तात्पुरती म्हटलं की कधीपर्यंत ते लिहायला लागतं. वकील कधी उठेल हे डॉक्टरला सांगता येत नव्हतं, तो काय लिहिणार. त्याने कागद काढला, दुसरा घातला आणि ‘तात्पुरती’ गाळून टाइप केलं. तेवढ्याने वाक्यातून माणूस निघून गेला आणि जागा उरली. बदली बसणारा नाहीसा झाला, जागेचीच बदली झाली. एक शब्द गाळला होता. व्याकरणाला कुठेही धक्का नव्हता.

“मग नजरचूकच की,” वहिनी म्हणाली. तिला अजूनही त्याला वाचवायचं होतं, की स्वतःलाच या सगळ्यातून लवकर सोडवायचं होतं, देव जाणे. “घाईत राहून जातं.”

“माझं राहून जात नाही, वहिनी.”

त्याने नकलेच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक अर्जाच्या तळाशी असते तीच ओळ. वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे. खाली वकिलाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा.

“हे मी वाचून दाखवलं नव्हतं.”

व्हरांड्यात कोणाचा तरी टाइपरायटर ओळीच्या शेवटाला पोचून टिंग वाजला.

“तोवरच्या सहा वर्षांत हजारो अर्ज लिहिले होते. त्यातल्या एकाही अर्जावर वाचून न दाखवता सही घेतली नव्हती. आंधळ्याला वाचून दाखवलाय, बहिऱ्याला बोट फिरवून दाखवलाय. वकिलांना नाही दाखवला. म्हटलं, दमलेत, कशाला त्रास. अंगठा धरला आणि टेकवला.” त्याने नकलेवरचं बोट उचललं. “तुम्ही म्हणालात ना, हाताला धरलं नाही म्हणून.”

पुढचं तिला माहीत होतं, पण दुसऱ्या बाजूने. सहाएक महिन्यांनी वकील काठी टेकत व्हरांड्यात आला होता आणि याच स्टुलावर बसला होता. जमतंय ना, असं त्याने विचारलं. जमतंय, कानामात्रा म्हणाला. चहा मागवला. वकील पुन्हा आला, पुन्हा चहा झाला. तिसऱ्या खेपेला तो आधी खिडकीत गेला आणि मग चहा न घेताच निघून गेला. घरी जाऊन म्हणाला, बदली झाली म्हणतात, काहीतरी चूक झाली असेल. त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही.

“त्यांनी नाही काढला,” वहिनी म्हणाली. “मी काढत होते.”

चष्मा तिने काढून हातात घेतला होता.

“अकरा वर्षं मी त्यांना बोलतेय, भाऊजी. रोज नाही, पण सोडलंही नाही. घरात काही कमी पडलं की बोलायची. अंगठा कोणी दिला, मी? आपल्या हाताने टेबल देऊन आलात आणि आता डाव्या हाताने वरणभात कालवताय. असं. त्यांनी एकदाही सांगितलं नाही की वाचून दाखवलं नव्हतं. नुसतं म्हणायचे, चूक झाली असेल.”

 कानामात्रेने टाइपरायटरकडे बघितलं, टाइपरायटरने त्याच्याकडे. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण एक जागा घेतली. एका माणसाची त्याच्याच घरातली जागाही गेली असेल, हे त्याने कधी धरलंच नव्हतं.

“लिहा,” वहिनी म्हणाली.


वरील विषयास अनुसरून,

लिहायला दहा मिनिटं लागली. सवयीचं काम. अर्जदाराचे पती रुग्णालयात असताना. तात्पुरती बदली म्हणून बसण्याची तोंडी सूचना असताना. ‘तात्पुरती’ हा शब्द हेतुपुरस्सर गाळून. मजकूर वाचून न दाखवता. अंगठा घेऊन. गैरअर्जदाराने सदर जागा बळकावली.

‘बळकावली’ नेहमीसारखं अर्धंच उमटलं. ‘ब’ ठसठशीत, ‘कावली’ ठसठशीत, आणि मध्ये ‘ळ’च्या जागी नुसती एक वेलांटी सुटल्यासारखी खूण. जोर नसलेलं अक्षर. त्याने कागद काढला, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि तो ‘ळ’ पुरा केला. मग वर ‘गाळून’मधला आणि खाली ‘कळावे’मधला.

जुनी नक्कल टाचणीने मागे लावली आणि चष्म्यावरून वहिनीकडे बघून म्हणाला, “ऐका.”

“मी वाचते ना. मला वाचता येतं.”

“तरी ऐका.”

आणि त्याने अर्ज वाचला. नेहमी वाचायचा तसाच, स्वल्पविरामाला थोडा, पूर्णविरामाला पुरता थांबत. आवाज मोठाही नव्हता आणि दबकाही नव्हता. गैरअर्जदार म्हणून स्वतःचं नाव आलं तेही त्याने इतरांचं वाचतो तसंच वाचलं, आधी आडनाव. तिसऱ्या टेबलावरचा म्हातारा कानावर हात धरून ऐकू लागला. शेवटी न राहवून त्यानेच विचारलं, “एवढं कडक कोणाविरुद्ध?”

“माझ्या.”

“तुमचं आपलं काहीतरीच,” शिक्केवाला हसला. मग कोणीच हसलं नाही म्हणून थांबला.

“बरोबर आहे?” कानामात्रेने विचारलं.

 वहिनीने कागद हातात घेतला, त्या पेनाने भरलेल्या ‘ळ’शी थांबली. शाई अजून ओली होती.

“बरोबर आहे,” ती म्हणाली आणि तिने सही केली.

त्याने कागद पुन्हा यंत्रात घातला आणि तळाशी ती ओळ टाइप केली. वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे. खाली लिहिणार म्हणून स्वतःची सही ठोकली.


कळावे,

चौथं टेबल खिडकीच्या अगदी जवळचं. म्हणूनच ते सगळ्यांना हवं असायचं. वहिनी खिडकीत गेली तरी तिची पिशवी त्याला दिसत होती आणि कारकुनाचा आवाज येत होता. साडेचार वाजले होते. कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, जांभई दिली नाही, आणि पुन्हा वरून सुरुवात केली. मग खिडकीतून मान बाहेर काढली.

“अहो कानामात्रे. गैरअर्जदार आणि लिहिणार एकच?”

“एकच.”

“काही चूक तर नाही ना?”

“नाही,” कानामात्रा म्हणाला. “चूक नाही.”

शिक्का बसला. चौकशीची तारीख पंधरा दिवसांनंतरची पडली. तोपर्यंत परवाना कोणालाच नाही आणि जागा कचेरीच्या ताब्यात, असं कारकुनाने पोचपावतीवर लिहून दिलं. ‘पोचपावती’तला ‘पो’ त्याने ‘पौ’ लिहिला होता. कानामात्रेला तो दुरूनही दिसला. त्याने तो तसाच राहू दिला.

वहिनी परत आली ती चष्म्याची डबी राहिली म्हणून. डबी टेबलावरच होती. ती घेऊन ती जरा वेळ उभी राहिली. रागवावं इतकं त्राण तिच्यात नव्हतं आणि माफ करावं इतकंही नव्हतं, आणि त्यानेही दोन्हींपैकी काही मागितलं नाही. परतीची बस सव्वापाचला होती.

“पोरगी येईल बहुतेक,” ती म्हणाली. “झालंच तर. तिला मुदती नीट येत नाहीत अजून.”

“त्यांना म्हणावं टपल्या मारा.”

तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी झालं आणि मिटलं.

“आणि घरी काय सांगू? विचारतील, काय म्हणाला.”

कानामात्रेने टाइपरायटरवर झाकण घातलं. झाकणाची कडी नेहमीच अडायची, तिला दोनदा दाबायला लागायचं.

“सांगा, वाचून दाखवला.”